दुकानाचा विमा आहे, दुकानदाराचा?

व्यापारी बंधूंनो, आपल्यापैकी ज्यांचे बँकेत सीसी खाते आहे त्यांना एक गोष्ट चांगली ठाऊक आहे. दुकानातील मालाचा विमा उतरविल्याशिवाय बँक पुढे सरकत नाही. आग, चोरी, पूर या सर्वांची तरतूद दरवर्षी होते आणि हप्ता खात्यातून वजा होतो. म्हणजे गादीवर रचलेल्या थानांचा विमा आहे, पण ती थाने विकणाऱ्याचा नाही. त्यासाठी कोणतीही बँक आग्रह धरीत नाही, म्हणून ते काम मागे पडते आणि एक दिवस अचानक महागात पडते.

शिरूर काय किंवा दौंड काय, दोन्ही ठिकाणी साधा ताप, बाळंतपण, किरकोळ ऑपरेशन गावातच निभावते. हृदयाचा, मेंदूचा, मूत्रपिंडाचा प्रश्न आला की गाडी पुण्याच्या, नाही तर अहिल्यानगरच्या रस्त्याला लागते. रुग्णालयाच्या दारात पोहोचल्यावर पहिला प्रश्न विचारला जातो तो अनामत रकमेचा. त्या वेळी सल्लामसलत करायला सवड नसते. म्हणून हा विषय घरात सर्व धडधाकट असतानाच शिकून घ्यावयाचा आहे. आजचा पाठ त्यासाठी.

एक घरचा अनुभव

माझे थोरले बंधू, भाईजान, यांचे दौंडला कापडाचे दुकान. २०१६ च्या मे महिन्यात त्यांच्या छातीत कळ आली. पुण्यात अँजिओप्लास्टी झाली, दोन स्टेंट बसले, जीव वाचला. बिल झाले तीन लाख चाळीस हजार. आम्ही निर्धास्त होतो, कारण २०१३ पासून त्यांची मेडिक्लेम पॉलिसी चालू होती आणि एकही हप्ता चुकला नव्हता.

कंपनीचे पत्र आले : दावा नामंजूर. कारण असे की, भाईजानना २००९ पासून मधुमेह होता आणि प्रस्तावाच्या फॉर्मवर 'मधुमेह आहे काय?' यापुढे 'नाही' लिहिले होते. फॉर्म एजंटाने भरला होता. "शेठ, तुम्ही फक्त सही करा, बाकी मी बघतो," असे तो म्हणाला होता. फॉर्म इंग्रजीत. आम्हा भावांचे शिक्षण उर्दू माध्यमात. मी शेजारी बसलो होतो. मीही तो वाचून घेतला नाही. दोष एकट्या एजंटाचा नव्हता, सही आमची होती.

रमजान ईद महिन्या-सव्वा महिन्यावर होती. सुरतेहून भरलेला सीझनचा माल आम्ही खरेदीच्या भावापेक्षा कमी दराने दुसऱ्या व्यापाऱ्यांना देऊन टाकला आणि बिल भागविले. त्या ईदला दुकानाची निम्मी मांडणी रिकामी होती. सरकारी योजनेत बसावे तर भाईजानांचे रेशनकार्ड पांढरे. त्या वेळी पांढऱ्या कार्डाला ती सोय नव्हती. पुढे दाद मागता येते हेही आम्हाला माहीत नव्हते. भाईजान आज दुकानात बसतात, अल्लाहचे आभार. परंतु तो धडा आमच्या घराला तीन लाख चाळीस हजाराला पडला. वाचकांना तो फुकट मिळावा, एवढीच इच्छा.

पहिली पायरी : आपल्याकडे आधीच काय आहे?

पॉलिसी विकत घेण्यापूर्वी घरातील प्रत्येक माणसाला कोणते संरक्षण आधीच लागू आहे ते कागदावर लिहून काढा. पुष्कळ घरांत सोय असते, पण माहिती नसते.

१) महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. ही योजना राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत सुरू झाली, नोव्हेंबर २०१३ पासून राज्यभर गेली आणि २०१७ मध्ये तिचे नाव बदलले. पूर्वी कुटुंबाला वर्षाला दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळत व कार्डाच्या रंगाची अट होती. २०२३ च्या शासन निर्णयानुसार मर्यादा पाच लाख झाली आणि १ जुलै २०२४ पासून पांढऱ्या कार्डासह सर्व रेशनकार्डधारकांना ती लागू करण्यात आली. तेव्हा 'आमचे कार्ड पांढरे, आम्हाला काही मिळत नाही' हे वाक्य आता विसरावे.

मात्र तीन गोष्टी लक्षात ठेवा. ही सोय योजनेच्या यादीतील रुग्णालयातच मिळते, प्रत्येक दवाखान्यात नाही. यादीत हजाराहून अधिक उपचार असले तरी प्रत्येक आजार त्यात नाही. तिसरे म्हणजे पाच लाख ही रक्कम माणशी नसून कुटुंबाला मिळून आहे. यादीतील रुग्णालयात 'आरोग्यमित्र' बसतो. भरती होतानाच त्याला गाठावे. चौकशीसाठी १५५३८८ हा क्रमांक आहे.

येथे आपल्या घरांतील एक नेहमीची अडचण सांगतो. रेशनकार्डावर एक नाव, आधारवर दुसरे. कोठे 'शेख' पुढे, कोठे मागे. कोठे इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक अक्षर कमी. सुनेचे नाव माहेरच्या कार्डावरच राहिलेले, नातवाचे कोठेच नाही. भाऊ वेगळे होऊन दहा वर्षे झाली तरी कार्ड वडिलांच्या नावाचे एकच. रुग्ण खाटेवर असताना हा घोळ सुटत नाही. शिरूर असो वा दौंड, आपल्या तहसील कचेरीच्या पुरवठा शाखेत एक-दोन चकरा मारून तो आजच मिटवावा. कोणत्याही हप्त्याशिवाय होणारे हे सर्वांत मोठे काम आहे.

२) सत्तरी ओलांडलेले आईवडील. केंद्राची आयुष्मान भारत योजना २३ सप्टेंबर २०१८ रोजी सुरू झाली. २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे व त्यावरील प्रत्येकासाठी, उत्पन्न कितीही असले तरी, 'आयुष्मान वय वंदना' कार्ड सुरू झाले. त्यावर पाच लाखांपर्यंतचे उपचार यादीतील रुग्णालयांत मिळतात. वय आधारवरील जन्मतारखेप्रमाणे धरले जाते. ज्या बुजुर्गांच्या आधारवर वय अंदाजाने टाकलेले आहे त्यांनी ते तपासून घ्यावे. चौकशीचा क्रमांक १४५५५.

३) नोकरीतून मिळणारी सोय. रांजणगाव किंवा कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत घरातील मुलगा कामाला असेल, तर त्याच्या पगारातून ईएसआयची कपात होते काय ते पाहा. या योजनेची वेतनमर्यादा २०१७ मध्ये २१,००० रुपये करण्यात आली. जुलै २०१९ मध्ये ठरलेल्या दराने कामगाराचे पाऊण टक्का व मालकाचे सव्वातीन टक्के जातात. म्हणजे १६,००० पगारावर कामगाराचे १२० व मालकाचे ५२० रुपये. एवढ्यात बायको-मुले व अवलंबून असलेले आईवडील यांच्या उपचाराची सोय होते. दौंडमध्ये तर रेल्वेत नोकरी केलेली घरे गल्लोगल्ली आहेत. निवृत्त रेल्वे कर्मचाऱ्यांसाठी रेल्वेची स्वतःची वैद्यकीय योजना आहे. वडिलांचे कार्ड चालू आहे की नाही, आईचे नाव त्यावर आहे की नाही, हे बघावे.

४) धर्मादाय रुग्णालये. सार्वजनिक न्यास कायद्याच्या कलम ४१ एए व २००६ च्या मुंबई उच्च न्यायालयाने मान्य केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत व १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीने राखून ठेवाव्या लागतात. २०१८ मध्ये वार्षिक उत्पन्नाची मर्यादा निर्धनांसाठी १ लाख ८० हजार व दुर्बलांसाठी ३ लाख ६० हजार करण्यात आली. पुण्यातील अनेक मोठी रुग्णालये या कायद्याखाली येतात. तेथील समाजसेवा विभागात रेशनकार्ड किंवा तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला घेऊन जावे लागते. ही सोय मागितल्याशिवाय कोणी देत नाही.

एक गैरसमज येथेच दूर करू. बँकेतून वर्षाला २० रुपये कापले जातात ती प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना अपघाती मृत्यू व अपंगत्वासाठी आहे. तिच्यातून रुग्णालयाचे बिल मिळत नाही. ती चालू ठेवावी, पण तिला मेडिक्लेम समजू नये.

दुसरी पायरी : खाजगी पॉलिसी कोणाला लागते?

वरील सोयी असतानाही व्यापारी माणसाला स्वतःची पॉलिसी लागते, कारण ऐनवेळी जवळचे रुग्णालय यादीत असेलच असे नाही आणि आजार यादीत बसेलच असे नाही. मेडिक्लेम ही पॉलिसी सरकारी विमा कंपन्यांनी १९८६ मध्ये आणली. २००० नंतर खाजगी कंपन्यांना परवाने मिळाले आणि आता बाजारात इतके प्रकार आहेत की गिऱ्हाईक गोंधळून जाते. अशा वेळी तुलना करावयाची तर एक प्रमाण वस्तू समोर असावी. ती म्हणजे 'आरोग्य संजीवनी'. विमा नियामक प्राधिकरणाच्या आदेशाने १ एप्रिल २०२० पासून ही सर्व कंपन्यांत एकाच अटींची पॉलिसी आहे. फरक फक्त हप्त्याचा. तीन-चार कंपन्यांचा तिचा दर विचारला की बाजारभाव कळतो.

कुटुंबासाठी 'फ्लोटर' घ्यावी की प्रत्येकाची वेगळी? फ्लोटर म्हणजे एकच थान, त्यातून घरातील कोणालाही लागेल तेवढे कापड कापावयाचे. नवरा-बायको व लहान मुले यांना हे परवडते. परंतु फ्लोटरचा हप्ता घरातील सर्वांत वयस्कर माणसाच्या वयावर ठरतो. सत्तर वर्षांच्या वडिलांना त्यात घातले की सर्वांचा हप्ता चढतो. म्हणून आईवडिलांचे स्वतंत्र पाहावे.

खर्चाच्या बाजूने एक चांगली बातमी अशी की, वैयक्तिक व कौटुंबिक आरोग्य पॉलिसीवर जुलै २०१७ पासून लागणारा १८ टक्के जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून माफ झाला आहे. संघटनेमार्फत किंवा मालकामार्फत घेतलेल्या सामूहिक पॉलिसीला मात्र ही माफी नाही. आयकराची, ज्याला आपण वर्षानुवर्षे '८० डी' म्हणतो ती, वजावट जुनी करपद्धती निवडणाऱ्यालाच मिळते आणि हप्ता रोखीने भरला असेल तर मिळत नाही. चेकने किंवा ऑनलाइन भरावा.

तिसरी पायरी : कापड हाताने चाचपून पाहा

आपण सौदा करताना थान उलगडून बघतो. पॉलिसीही तशीच बघावी. चार जागा तपासावयाच्या.

(अ) खोलीच्या भाड्याची मर्यादा. ही सर्वांत फसवी जागा होय. समजा, पॉलिसी दोन लाखांची असून खोलीची मर्यादा एक टक्का, म्हणजे रोज २,००० रुपये आहे. रुग्णाला ४,००० रुपयांच्या खोलीत पाच दिवस ठेवले. बिल असे : खोली २०,०००, डॉक्टर, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग वगैरे ६०,०००, औषधे व तपासण्या २०,०००. एकूण एक लाख. आपल्याला वाटते की खोलीचे जादा १०,००० तेवढे आपल्या अंगावर येतील. तसे होत नाही. खोली दुप्पट दराची घेतली म्हणून डॉक्टर व थिएटरचा खर्चही निम्माच धरला जातो. औषधे व तपासण्यांना ही कात्री लागत नाही. म्हणून कंपनी देणार १०,००० अधिक ३०,००० अधिक २०,०००, म्हणजे ६०,०००. आणि आपल्या खिशातून ४०,०००. तात्पर्य, भरती होताना आपली मर्यादा सांगून त्यातलीच खोली मागावी. आरोग्य संजीवनीत ही मर्यादा विमा रकमेच्या दोन टक्के, पण रोज ५,००० रुपयांहून अधिक नाही.

(आ) वाटा, म्हणजे को-पे. मंजूर रकमेतील ठरावीक टक्के आपण भरावयाचे. आरोग्य संजीवनीत पाच टक्के आहे, म्हणजे लाखाला पाच हजार. वृद्धांच्या काही पॉलिसींत हा वाटा बराच मोठा असतो. हप्ता स्वस्त दिसला की आधी को-पे विचारावा.

(इ) थांबण्याची मुदत. पॉलिसी घेतल्यावर पहिले ३० दिवस अपघात सोडून अन्य आजार चालत नाहीत. मोतीबिंदू, हर्निया, गुडघ्याचे ऑपरेशन अशांना ठरावीक मुदत असते, तर आधीपासून असलेल्या आजारांना आणखी वेगळी. २०२४ च्या नियमांनी ही मुदत जास्तीत जास्त ३६ महिन्यांवर आणली. पूर्वी ती ४८ महिने होती. म्हणजे डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितल्यावर पॉलिसी शोधण्यात अर्थ नाही.

(ई) आधीचे आजार. आमच्या घराने ठेच खाल्ली ती येथे. थानात डाग असेल तर सच्चा दुकानदार तो गिऱ्हाइकाला आधी दाखवितो. येथे गिऱ्हाइकाने आपला डाग कंपनीला दाखवावयाचा आहे. मधुमेह, रक्तदाब, जुने ऑपरेशन, तंबाखू, सर्व काही लिहावे. हप्ता थोडा वाढेल, मुदत लागेल. पण दावा उभा राहील. आता नियम असा आहे की, सलग ६० महिने पॉलिसी चालल्यावर माहिती दडविल्याच्या कारणाने दावा नाकारता येत नाही. सिद्ध झालेली फसवणूक हा त्याला अपवाद. परंतु त्या पाच वर्षांच्या भरवशावर खोटे लिहू नये.

फॉर्मची भाषा येत नसेल तर लाजू नका. मजकूर समजावून सांगितल्याचे प्रमाणपत्र फॉर्मच्या शेवटी असते, त्यावर वाचून घेतल्याशिवाय सही करू नका. पॉलिसीबरोबर मिळणारे ग्राहक माहितीपत्रक मागणी केल्यास आपल्या स्थानिक भाषेत द्यावे लागते. ते मराठीत मागा. कॉलेजात जाणाऱ्या मुला-मुलीला शेजारी बसवून एकेक ओळ वाचून घ्या. पॉलिसी पसंत नसेल तर हातात पडल्यापासून ३० दिवसांत परत करता येते.

चौथी पायरी : चालू ठेवणे व दाद मागणे

हप्त्याची तारीख दुकानाच्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहा. वार्षिक हप्त्याला ३० दिवसांची सवलत असते. त्यात जुनी वर्षे वाचतात, पण त्या मधल्या दिवसांत आलेल्या आजारपणाची भरपाई मिळेल असे धरू नका. कंपनी बदलावयाची असल्यास नूतनीकरणाच्या दीड महिना आधी अर्ज करावा. थांबण्याच्या मुदतीची पुरी केलेली वर्षे नव्या कंपनीत जमा धरली जातात.

कॅशलेसच्या अर्जावर कंपनीने एका तासात व घरी सोडताना अंतिम मंजुरी तीन तासांत द्यावी, असा २०२४ चा नियम आहे. दावा नाकारला तर लेखी कारण मागा. प्रथम कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे अर्ज करा. नियामक प्राधिकरणाचा तक्रार क्रमांक १५५२५५ आहे. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर एका वर्षाच्या आत पुण्याच्या विमा लोकपाल कार्यालयात जाता येते. तेथे फी नाही आणि वकीलही लागत नाही. आम्ही २०१६ मध्ये हे दार ठोठावलेच नाही. निकाल काय लागला असता हे सांगता येत नाही, पण ठोठावावयास हवे होते.

एक प्रश्न, जो वाचक विचारतील

विमा जायज आहे काय? मी कापडाचा व्यापारी; फतवा देणे माझे काम नाही. १९८५ मध्ये जेद्दा येथे आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने ठरावीक हप्त्याचा व्यापारी विमा नापसंत करून सहकारी तत्त्वावरील विम्याचा पर्याय सांगितला होता. भारतात तशी तकाफुल कंपनी नाही आणि येथील परिस्थितीतील गरजेबद्दल उलेमांमध्ये भिन्न मते आहेत. ज्याच्या मनात शंका असेल त्याने आपल्या भरवशाच्या आलिमांना जरूर विचारावे. परंतु शंका आहे म्हणून रेशनकार्डही दुरुस्त न करणे, वय वंदना कार्डही न काढणे, हा आळस आहे. त्या योजनांत आपण हप्ता भरीतच नाही.

उजळणी

या आठवड्यात वाचकांनी पाच प्रश्नांची उत्तरे एका कागदावर लिहावीत. रेशनकार्ड व आधार यांवरील घरातील सर्व नावे जुळतात काय? सत्तरीपुढील कोणाचे कार्ड काढावयाचे राहिले आहे? आपल्या पॉलिसीत खोलीची मर्यादा किती? फॉर्मवर घरातील सर्व आजार लिहिले आहेत काय? आणि दुकानात काम करणाऱ्या पोरांच्या घरी यातले काय आहे? हा शेवटचा प्रश्न विसरू नका. दोन-तीन नोकरांच्या दुकानाला ईएसआय लागू होत नाही, तेव्हा त्यांच्यासाठी रेशनकार्डाचीच योजना उरते. त्यांना तहसील कचेरीत जाण्यासाठी अर्ध्या दिवसाची भरपगारी सुटी द्यावी. तेवढ्याने दुकान बंद पडत नाही.

तो कागद पॉलिसीच्या फायलीत ठेवावा आणि फाइल कोठे आहे ते घरातील बायकांना दाखवून ठेवावे. भाईजानांना दौंडहून पुण्याला नेले त्या रात्री भाभींना पॉलिसी कोठल्या कपाटात आहे हेच माहीत नव्हते.